उन्हाळ्याच्या सुट्टीत पोरांसोबत केक: बिघडण्याआधी आणि बिघडल्यावर

विदर्भातल्या शाळा जूनच्या अखेरीस उघडतात. बाकी महाराष्ट्रातली पोरं दप्तर घेऊन निघाली तरी आपली घरातच. सकाळी दहानंतर बाहेर सोडायची सोय नाही, पत्ते आणि कॅरम दोन दिवसांत शिळे होतात, आणि मग कोणीतरी मोबाइलवर केकचा व्हिडिओ पुढे करतं. "मामा, आपण करू न!" व्हिडिओत तो दोन मिनिटांत होतो. आपल्याकडे अर्धा दिवस जातो आणि संध्याकाळी ओटा पुसायला आपण एकटेच उरतो.

हे लिहिलं आहे ते ज्यांनी कधी केक केला नाही आणि ज्यांच्याभोवती कमीत कमी दोन पोरं उभी असणार आहेत त्यांच्यासाठी. एकट्याने, शांतपणे करायच्या रेसिप्या भरपूर मिळतात. पण पोरांच्या गराड्यात जे बिघडतं ते रेसिपीत लिहिलेलं नसतं. आमच्या घरी दर सुट्टीत भाचेमंडळी येतात, त्यामुळे केक बसण्याचे, करपण्याचे आणि कच्चा राहण्याचे बहुतेक प्रकार पाहून झाले आहेत.

एक गोष्ट आधीच मनाशी ठरवून टाका. पहिला केक देखणा होणार नाही. तो खाण्याजोगा व्हावा आणि कोणाला चटका बसू नये, एवढंच ध्येय ठेवा. वेळ, रेसिपी आणि कामांची वाटणी सगळं त्याच हिशोबाने. आणि हो, पहिला प्रयोग कोणाच्या वाढदिवशी करू नका. वाढदिवसाचा केक बेकरीतून आणा. हा आपला साध्या मंगळवारी.

१. वेळ: सकाळी सात, नाहीतर उद्या

मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांच्या आसपास असतो. त्यात स्वयंपाकघरात १८० अंशांवर पाऊण तास ओव्हन चालवायचा म्हणजे दुपारी विषयच नको. सकाळी सात वाजता सामान ओट्यावर आलेलं असावं आणि नऊच्या आत ओव्हन बंद व्हावा. रात्री आठनंतरही चालतं, पण तोवर लहानग्यांना झोप येते आणि झोपाळू पोरगं म्हणजे रडकं पोरगं.

दुपार टाळायचं दुसरं कारण म्हणजे लाइट. उन्हाळ्यात ती कधी जाईल याचा नेम नाही. भाजताना गेलीच तर ओव्हनचं दार उघडू नका. आतली उष्णता थोडा वेळ टिकते. दहा मिनिटांत आली तर पुढे चालू ठेवा आणि शेवटी पाच-सात मिनिटं वाढवा. त्याहून जास्त वेळ गेला तर केक बसणार हे धरून चाला आणि थेट नवव्या मुद्द्याकडे या.

२. सामान आणि भांडी

आदल्या दिवशी संध्याकाळी हे सगळं एका ताटात काढून ठेवा. सकाळी सोडा शोधत बसलात तर तेवढ्यात कोणीतरी साखर सांडलेली असते.

- मैदा: दीड कप, साधारण १९० ग्रॅम
- साखर: पाऊण कप, साधारण १५० ग्रॅम. मिक्सरमधून फिरवून घेतली तर बरं
- घट्ट दही: १ कप
- वास नसलेलं तेल: अर्धा कप. सूर्यफूल किंवा सोयाबीन चालेल. जवस किंवा शेंगदाण्याचं घाण्याचं तेल नको, त्याचा वास केकला लागतो
- बेकिंग पावडर: सव्वा टी-स्पून
- खायचा सोडा: अर्धा टी-स्पून
- व्हॅनिला इसेन्स: १ टी-स्पून
- चिमूटभर मीठ
- सात इंची गोल टिन, बटर पेपर, चाळणी, हाताने फेटायचं विस्कर, दोन मोठे पातेले
- जाड कापडी हातमोजे किंवा दोन जाड फडकी
- एक लिंबू. हे केकसाठी नाही, पुढे सांगतो

बटर पेपर नसेल तर टिनला तेल लावून मैदा भुरभुरवा आणि टिन उलटा करून जास्तीचा मैदा झटकून टाका. बटर पेपरच्या ऐवजी वर्तमानपत्र लावायचं मनातही आणू नका. शाई अन्नाला लागते.

टिन, मापाचे कप-चमचे नागपुरात इतवारीत भांड्यांच्या दुकानांत मिळतात. बेकिंगचं सामान विकणारी दुकानं आता धरमपेठ, सदर भागांतही आहेत. पण पहिल्याच वेळी तिथे पोरांना घेऊन जाऊ नका. पोरं रंगीत साखरेच्या डब्या आणि कपकेकचे कागद उचलतात, आणि आपण ज्यासाठी गेलो ती बेकिंग पावडर घ्यायचीच राहते.

३. वाटीचा घोळ

पहिल्या केकचा सगळ्यात मोठा शत्रू वाटी आहे, म्हणून इथे जरा थांबतो.

रेसिपीतला कप साधारण २४० मिलीचा असतो. घरातली आमटीची वाटी बहुतेक वेळा १५० मिलीच्या आसपास भरते. "सगळं एकाच वाटीने मोजलं तर प्रमाण बरोबरच राहील न," असं आजीपासून सगळे म्हणतात. मैदा, साखर, दही यांच्याबाबतीत ते खरंच आहे. पण सोडा आणि बेकिंग पावडर आपण चमच्याने घालतो, आणि चमचा लहान होत नाही. म्हणजे १५० मिलीच्या वाटीने केलेल्या केकात सोडा दीडपटीहून जास्त पडतो. केक भसकन फुगतो, मग बसतो, आणि तोंडात साबणाची चव येते. मग दोष ओव्हनवर जातो.

उपाय सोपा आहे. मापाचे कप नसतील तर मिलीच्या खुणा असलेल्या बाटलीने २४० मिली पाणी मोजा, ते स्टीलच्या एखाद्या पेल्यात ओता आणि पाणी जिथवर येतं तिथे बाहेरून मार्करने रेघ मारा. तो तुमचा कप.

चमच्याचंही तसंच. टी-स्पून म्हणजे ५ मिली. घरातले चहाचे चमचे तीनपासून सहा-सातपर्यंत काहीही असतात. पोरांच्या खोकल्याच्या औषधासोबत जे प्लास्टिकचं झाकण येतं, त्यावर ५ मिलीची खूण असते. ते गरम पाण्याने स्वच्छ धुवा, कोरडं करा, झालं. मैदा मात्र कपात दाबून भरू नका; चमच्याने सैल भरा आणि वरून सुरीची पाठ फिरवा. दाबून भरलेल्या दीड कपात जवळजवळ पावणेदोन कपांचा मैदा मावतो आणि केक ढेकूळ होतो.

४. सोडा जिवंत आहे का ते बघा

बेकिंग पावडरचा डबा मागच्या दिवाळीचा आहे का? मग आधी परीक्षा घ्या. अर्धा चमचा पावडर कढत पाण्यात टाका. लगेच जोरात फसफसली तर चांगली. दोन-चार बुडबुडे येऊन गप्प बसली तर फेकून द्या, नवीन आणा. खायच्या सोड्याची परीक्षा लिंबाच्या रसात घ्या, त्याच लिंबासाठी वर लिहिलं.

ही परीक्षा पोरांच्या हातून करा. केक करण्यातला त्यांचा सगळ्यात आवडता भाग हाच असतो, आणि तो पातेल्याबाहेर उरकला तर आपलंच भलं होतं. काही रेसिप्यांत सोडा थेट दह्यात घालून फेस येऊ द्यायला सांगतात. मोठ्या माणसाला ते जमतं. पोरांसोबत नाही, कारण फेस आला की सगळे बघत बसतात, मग "मला पण, मला पण" सुरू होतं, आणि मैदा पडेपर्यंत गॅस उडून गेलेला असतो. म्हणून आपण सोडा आणि पावडर मैद्यासोबतच चाळायची.

ईनो वापरणाऱ्यांनी साधाच घ्यावा, फ्लेवरचा नको, आणि अगदी शेवटी घालून लगेच भाजायला ठेवावं.

५. लोणी, अंडी, आंबा: सध्या नको

उन्हाळ्यात लोणी ओट्यावर ठेवलं की पाच मिनिटांत पातळ होतं. लोणी-साखर फेटून हवा भरायची असते, ती पातळ लोण्यात भरत नाही. नानकटाईचंही तेच, तुपाचा गोळा ट्रेवर ठेवेपर्यंत पसरतो आणि भाजून झाल्यावर सगळ्या नानकटाया एकमेकींना चिकटलेल्या निघतात. ती दिवाळीच्या आसपासची गोष्ट. पूर्वी घरोघरी पीठ-तूप-साखर डब्यात भरून बेकरीच्या भट्टीवर नेत, तेव्हा हवा कशी असायची आठवा. तेलाच्या केकला उकाड्याने काही फरक पडत नाही.

अंडी न घेण्याची कारणं दोन. बऱ्याच घरांत ती चालत नाहीत. आणि कच्चं मिश्रण पोरं चाटतातच. तसं कच्च्या मैद्यातही जंतू असू शकतात, त्यामुळे अंडं नसलं तरी मैदा पडल्यावरचं मिश्रण चाटू देऊ नये. आमच्याकडे तोडगा असा आहे की मैदा घालण्याआधी दही-साखर फेटली की प्रत्येकाला एकेक चमचा द्यायचा. परीक्षेला जाताना देतात तसा. त्यानंतर पातेल्यात बोट घातलं तर त्याला भांडी घासावी लागतील, हे आधी जाहीर करायचं.

आंबा घालू या, असं कोणीतरी म्हणणारच. घालायचा तर जेवढा रस तेवढं दही कमी करा, आणि अर्ध्या कपाच्या वर जाऊ नका. दह्यात भर म्हणून रस ओतला की केक मधोमध शिऱ्यासारखा राहतो आणि कितीही भाजा, सुटत नाही.

संत्र्याचा केक हवा असेल तर हिवाळ्यात करा, आंबिया बहाराची, म्हणजे हिवाळी हंगामाची, फळं बाजारात असतात तेव्हा. त्यात दोन गोष्टी सांभाळायच्या. नागपुरी संत्र्याची साल सैल असते; सोलून मग किसायला गेलात तर किसणीवर नुसती फाटते. अख्खं फळ हातात धरून वरचा नारिंगी भाग तेवढा हलक्या हाताने किसा, पांढऱ्या भागापर्यंत जाऊ नका. आणि रस घालण्याच्या मिनिटाला काढा. या संत्र्याचा रस काढून ठेवला की थोड्या वेळाने कडवट होत जातो. बिया-पाकळ्यांसकट मिक्सरमधून काढला तर आणखीच. पोरांनी आदल्या रात्री हौसेने पेलाभर काढून ठेवलेल्या रसाचा केक कोणीही खात नाही.

६. कोण काय करणार

हे आधी ठरवा, बोलून दाखवा. नाहीतर पाचही जण फेटायलाच येतात.

चार-पाच वर्षांची पोरं चाळणी हलवू शकतात, मोजलेलं सामान पातेल्यात ओतू शकतात, टिनला तेल फासू शकतात. सात-आठच्या पुढची मोजमाप करतात, आणि रेघेपर्यंत भरणं फार गंभीरपणे करतात, आपल्यापेक्षा नीट. दहा-बाराच्या पुढच्यांना फेटायला आणि वेळ सांभाळायला द्या. ओव्हन, गॅस, गरम टिन, सुरी ही कामं मोठ्यांची, त्यात वाटाघाटी नाहीत.

फेटण्यासाठी प्रत्येकाला मोजून दहा फेऱ्या. आकडा मोठ्याने म्हणायचा. यात भांडण मिटतं आणि मिश्रण जास्त फेटलंही जात नाही.

७. ओव्हन, कुकर आणि चटका

ओटीजी (ओव्हन-टोस्टर-ग्रिल, म्हणजे विजेचा छोटा ओव्हन) असेल तर आधी त्याचा प्लग बघा. बहुतेक ओटीजी १२०० ते २००० वॅटचे असतात. त्यांना मोठ्या पिनांचा १६ अँपियरचा पॉइंट लागतो. मोबाइल चार्जरच्या एक्स्टेंशन बोर्डवर लावू नका. बोर्ड तापतो, वितळतो. ओव्हन नवा असेल तर पहिल्यांदा रिकामा पंधरा-वीस मिनिटं तापवा. रॉडवरचा थर जळून धूर-वास येतो, तो केकात उतरायला नको.

केक ठेवण्याआधी ओव्हन १८० अंशांवर दहा-पंधरा मिनिटं तापलेला हवा. टिन मधल्या जाळीवर. मिश्रण टिनच्या दोन तृतीयांशाच्या वर नको. गोंडस दिसतात म्हणून चहाच्या कपांत काठोकाठ भरलं की ते उतू जाऊन रॉडवर पडतं आणि सगळ्या घरात धूर होतो.

नुसता साधा मायक्रोवेव्ह असेल तर त्यात हा केक जमणार नाही, आणि धातूचा टिन तर त्यात ठेवायचाच नाही. कन्व्हेक्शन मोड (ओव्हनसारखी गरम हवा फिरवणारा) असेल तर कंपनीच्या पुस्तिकेत दिलेलं भांडं वापरून करता येतो.

ओव्हन नसेल तर कुकर किंवा जाड बुडाची कढई. कुकरची शिटी आणि रबरी रिंग दोन्ही काढा. आत पाणी घालायचं नाही. तळाला बोटभर जाड मिठाचा थर, त्यावर स्टँड, त्यावर टिन. टिन थेट मिठावर नको. आधी मध्यम आचेवर दहा मिनिटं झाकून तापवा, मग टिन ठेवून मंद आचेवर चाळीस-पन्नास मिनिटं. ते मीठ डब्यात भरून पुढच्या केकसाठी ठेवा, भाजीत वापरू नका. कुकर जुना असेल तोच घ्या. रिकामा तापवून कुकर काळवंडतो आणि मग मामीला तोंड द्यावं लागतं.

चटक्याबद्दल. ओटीजीची काच आणि वरचा पत्रा दोन्ही भाजतात, आणि काच नेमकी लहान पोरांच्या नाकासमोर येते. फरशीवर ओव्हनपासून दोन हातांवर खडूने रेघ आखा. तरीही चटका बसलाच तर गार वाहत्या पाण्याखाली वीस मिनिटं धरायचं. हळद, तूप, टूथपेस्ट, बर्फ यातलं काही लावायचं नाही. पण नागपुरात मे महिन्यात नळ सोडला की गच्चीवरच्या टाकीचं पाणी हाताला सोसवत नाही इतकं कढत येतं. भाजलेल्या हातावर ते घेऊन उपयोग नाही, उलट त्रास. म्हणून केकला सुरुवात करण्याआधी एक बादली पाणी सावलीत भरून ठेवा किंवा माठ भरलेला असू द्या, आणि वेळ आलीच तर तांब्याने हातावर ओतत राहा. फोड मोठा आला, चेहऱ्यावर किंवा सांध्यावर भाजलं असेल तर डॉक्टरकडे.

८. आता प्रत्यक्ष

कूलर बंद करा. हे सगळ्यात आधी, कारण याची आठवण नेहमी मैदा उडाल्यावरच येते. चाळणी हातात असलेलं पोरगं गार हवेसाठी हळूहळू कूलरकडे सरकतं. मग मैदा सोफ्यावर, टीव्हीवर, आणि देवघरापुढे बसलेल्या आजीच्या चष्म्यावर. कूलरच्या झोताने गॅसची मंद आचही विझू शकते, ते तर धोक्याचंच.

मैदा, बेकिंग पावडर, सोडा, मीठ एकत्र करून दोनदा चाळा. दुसऱ्या पातेल्यात दही आणि साखर, साखर विरघळेपर्यंत फेटा. उन्हाळ्यात दही रात्रीतून आंबट होतं. थोडं आंबट चालतं, नाकाला झोंबणारं नको. पाणी सुटलं असेल तर वरचं पाणी काढून मग मोजा. दही-साखरेत तेल आणि इसेन्स घालून एकजीव करा. ओव्हन तापला आहे ना? टिन तयार आहे? तरच मैदा घाला, दोन-तीन वेळा करून. इथे दहा-दहा फेऱ्यांचा नियम. कोरडा मैदा दिसेनासा झाला की थांबा. बारीक गुठळ्या राहिल्या तर राहू द्या. गुळगुळीत करण्याच्या नादात घोटत राहिलं की केक चिवट होतो. मिश्रण चमच्यावरून जाडसर पट्टीने पडावं. फार घट्ट वाटलं तर दोन-तीन चमचे दूध.

लगेच टिनमध्ये, टिन ओट्यावर दोनदा आपटा, ओव्हनमध्ये.

पहिली पंचवीस मिनिटं दार उघडायचं नाही. पोरं काचेला डोळे लावून बसतात. "मामा, हा काऊन नाही फुगून राहिला?" दर मिनिटाला. त्यांना भांडी विसळायला बसवा. आणि टायमरच्या बटणावर लक्ष ठेवा. ओटीजीचं ते बटण शून्यावर फिरवलं की टिंग वाजतं, म्हणून बारकं कार्टं ते फिरवतं. टिंग वाजतं आणि ओव्हनही बंद होतो. आतला दिवा नसेल तर हे कोणाच्या लक्षातही येत नाही. आमचा एक केक असाच गेला. अर्ध्या तासानंतर दार उघडलं तर आत कोमट लापशी.

पस्तीस मिनिटांनी मधोमध टूथपिक खुपसा. कोरडी निघाली तर झाला. ओली निघाली तर आणखी पाच मिनिटं. वरून लवकर लाल झाला तर फॉइल झाका. बाहेर काढल्यावर टिनमध्येच दहा मिनिटं थांबा, मग उलटा करा. गरम असताना उलटवला तर अर्धा टिनमध्ये राहतो.

९. बिघडला. आता?

आधी पोरांसमोर चेहरा सरळ ठेवा. मग काय झालं ते बघा.

*मधोमध खड्डा पडला, पण शिजला आहे.* दार लवकर उघडलं, सोडा जास्त पडला, किंवा लाइट गेली. खाण्यात काही अडचण नाही. खड्ड्यात आंब्याचे तुकडे आणि घट्ट मलई भरा. पाहुण्यांना मुद्दाम केलेला वाटतो.

*वर डोंगर आणि तडा.* ओव्हन फार तापला होता. छोट्या ओटीजीत हे नेहमीचं, त्यांची बटणं सांगतात त्याहून आत जास्त गरम असतं. पुढच्या वेळी १६० ते १७० ठेवा. आत्ता डोंगर सुरीने कापा. तो तुकडा कापणाऱ्याचा हक्काचा.

*बाहेरून लाल, आतून ओला.* लगेच कळलं तर टिनसकट परत ओव्हनमध्ये, वर फॉइल, १६० वर पंधरा मिनिटं. टिनमधून काढल्यावर आणि कापल्यावर कळलं तर जाड काप करून तव्यावर थोड्या तुपात दोन्ही बाजूंनी खरपूस भाजा. चहासोबत बरा लागतो, काहींना तर मूळ केकपेक्षा आवडतो. मात्र मधला भाग अगदीच पातळ, कच्च्या पिठासारखा असेल तर तेवढा टाकून द्या. "थोडंसं कच्चं चालतं" म्हणून पोरांच्या हातात देऊ नका.

*खालून करपला.* कुकरमध्ये आच मोठी राहिली किंवा टिन खालच्या रॉडजवळ होता. पूर्ण गार होऊ द्या, मग बारीक किसणीने काळा भाग घासून काढा. सुरीने कापायला गेलात तर चांगला केकही सोबत जातो. करपट वास वरपर्यंत गेला असेल तर मात्र नाद सोडा, चॉकलेट सॉस ओतून तो लपत नाही.

*फुगलाच नाही, विटेसारखा.* पावडर मेलेली, किंवा मिश्रण बराच वेळ ओट्यावर पडून राहिलं. बोटाएवढ्या कांड्या कापा, ट्रेवर सुट्या मांडा, १५० अंशांवर वीस-पंचवीस मिनिटं, मध्येच एकदा उलटवा. कुरकुरीत टोस्ट होतात. कोरड्या डब्यात ठेवा आणि डबा कूलरच्या खोलीत नको. त्या दमट हवेत संध्याकाळपर्यंत मऊ पडतात.

*टिनमधून तुकडे-तुकडे निघाला.* हा सगळ्यात सोपा. हाताने कुस्करा, दोन-तीन चमचे घट्ट दूध किंवा वितळलेलं चॉकलेट घालून लाडू वळा, डेसिकेटेड खोबऱ्यात घोळवा, फ्रिजमध्ये अर्धा तास. पोरांना केक करण्यापेक्षा हे वळणं जास्त आवडतं. नाहीतर काचेच्या पेल्यांत चुरा, वर गार कस्टर्ड, वर आंबा.

*साबणाची चव, तपकिरी रंग.* सोडा जास्त. याला उपाय नाही. टाकून द्या आणि तिसरा मुद्दा पुन्हा वाचा.

१०. सजावट आणि साठवण

व्हिपिंग क्रीम मे महिन्यात घरी फेटायला जाऊ नका. भांडं, क्रीम, खोली, सगळं गार लागतं. नाहीतर फेटून फेटून दूधच राहतं. पूर्ण गार झालेल्या केकवर पिठीसाखर चाळा, किंवा चॉकलेट वितळवून ओता. रंगीत गोळ्या हव्यातच असतील तर चॉकलेट ओलं असताना वरून लावा. भाजायच्या आधी मिश्रणात घातल्या तर तळाशी बसतात आणि रंग सोडतात.

दह्याचा केक उन्हाळ्यात ओट्यावर ठेवू नका. उरलेला झाकणाच्या डब्यात, फ्रिजमध्ये, दोन-तीन दिवस. मलई किंवा आंबा भरलेला त्याच दिवशी संपवा. फ्रिजमधला केक कोरडा वाटतो, खाण्याआधी वीस मिनिटं बाहेर काढा, पण त्या वीस मिनिटांत मुंग्या लागतात. डबा पाणी घातलेल्या परातीत ठेवा आणि ओटा साबणाने पुसा, विशेषतः शेगडीच्या मागची फट. साखर तिथेच जाऊन बसते.